फोटो शार्प करायचा, पण केलाय हे कळू द्यायचं नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नाचे अल्बम पोटासाठी आणि पक्ष्यांचे फोटो हौसेसाठी, अशी माझी दोन दुकानं आहेत. दोन्हीकडे एक वाक्य रोज कानावर पडतं: “जरा शार्प करून द्या ना.” त्यावर माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो, “आतापर्यंत किती वेळा झालाय?” तो का विचारतो, हे खालची उत्तरं वाचताना कळेलच.

शार्प करताना सॉफ्टवेअर फोटोत नक्की काय करतं?

तपशील घालत नाही, हे आधी सांगून टाकतो. कॅमेऱ्याने जे टिपलंच नाही ते कुठल्याही स्लायडरमधून निघत नाही. सॉफ्टवेअर फक्त कडा शोधतं. जिथे उजेड आणि अंधार एकमेकांना भेटतात, तिथली उजेडाची बाजू आणखी उजळ करतं आणि अंधाराची आणखी गडद. बाकीचं काम आपले डोळे करतात.

एका ओळीतले सहा पिक्सेल घेऊ. डावीकडे काळा कातळ, उजवीकडे आकाश. ० म्हणजे काळाकुट्ट आणि २५५ म्हणजे पांढराशुभ्र धरलं, तर ओळ अशी: ५०, ५०, ५०, २००, २००, २००. आता प्रत्येक पिक्सेलची दोन्ही शेजाऱ्यांबरोबर सरासरी काढा. ओळ होते ५०, ५०, १००, १५०, २००, २००. ही झाली धूसर प्रत. मूळ ओळीतून ती वजा केली की उरतं ०, ०, उणे ५०, अधिक ५०, ०, ०. बाकी सगळं गेलं, फक्त कड हाती आली. त्या कडेचे ५० टक्के मूळ ओळीत मिळवा: ५०, ५०, २५, २२५, २००, २००. कातळ कडेपाशी किंचित काळा पडला, आकाश किंचित उजळलं. एवढ्याशा हिशेबाला आपण शार्पनिंग म्हणतो.

आता हौसेने तेच प्रमाण २०० टक्के करून बघा. कातळाच्या कडेला उणे ५० यायला हवेत आणि आकाशाच्या कडेला ३००. असे आकडे फोटोत नसतातच, म्हणून तिथे ० आणि २५५ जाऊन बसतात. ठार काळी रेघ आणि तिला चिकटून पांढरीफटक रेघ. गडाची तटबंदी कुणीतरी खडूने गिरवल्यासारखी दिसते ती यामुळे. या रेघेला सगळे हेलो म्हणतात.

गंमत म्हणजे कडेच्या दोन्ही बाजूंना असा उजळ-गडद पट्टा आपला डोळा स्वतःहूनही पाहतो. अर्न्स्ट माख या शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये त्यावर लिहून ठेवलंय. डोळा जे आधीच करतो त्याला आपण थोडा हातभार लावतो. हातभार जास्त झाला की डोळ्याला लगेच कळतं.

शार्प करणाऱ्या फिल्टरचं नाव ‘अनशार्प मास्क’ कसं?

नाव डार्करूममधून आलंय. १९३० च्या दशकापासून ही युक्ती वापरात होती. निगेटिव्हवरून मुद्दाम धूसर अशी एक पॉझिटिव्ह प्रत काढायची, ती निगेटिव्हला जोडायची आणि दोन्हींतून एकदम प्रकाश सोडून प्रिंट काढायची. ती धूसर प्रत म्हणजे अनशार्प मास्क. वर आपण सहा पिक्सेलांवर केलं तेच, फक्त फिल्मवर. सॉफ्टवेअरवाल्यांनी गणित उचललं आणि नावही तसंच ठेवलं.

कॅमेरा चांगला महागातला आहे, तरी रॉ फोटो मऊ का दिसतो?

रॉ म्हणजे कॅमेऱ्याने स्वतःची कारागिरी न करता जशीच्या तशी साठवलेली फाइल. ती मऊ दिसते, कारण सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल एकच रंग पाहतो. पिक्सेलांवर लाल, हिरव्या, निळ्या काचांची जाळी असते: निम्म्या हिरव्या, पाव लाल, पाव निळ्या. कोडॅकच्या ब्राइस बेयर यांनी ती शोधली आणि १९७६ मध्ये तिला पेटंट मिळालं. प्रत्येक पिक्सेलचे उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरावे लागतात आणि अंदाजात थोडी धार जाते. शिवाय बऱ्याच कॅमेऱ्यांत सेन्सरपुढे प्रतिमा किंचित पसरवणारा एक फिल्टर असतो, बारीक नक्षीवर खोट्या लाटा उमटू नयेत म्हणून. अलीकडच्या पुष्कळ मॉडेलांत तो काढून टाकलाय.

तेव्हा रॉ फोटोला थोडं शार्पनिंग लागतंच. लाइटरूम हे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर तर न विचारता रॉ फाइलला ४० अमाउंट, म्हणजे शार्पनिंगचा जोर, लावून ठेवतं. जेपेगला मात्र शून्य, कारण जेपेग कॅमेऱ्याच्या आत आधीच शार्प होऊन आलेला असतो. मोबाइलचा तर जास्तच. म्हणजे तुम्ही पहिला स्लायडर हलवायच्या आधीच एकाचा हात फिरून गेलेला असतो. मोजायला इथून सुरुवात करायची.

फोकस चुकलाय किंवा फोटो हललाय. वाचेल का?

थोडक्यात हुकलेला वाचतो. डोळ्याऐवजी कानावर फोकस गेलेला नाही वाचत.

डिकन्व्होल्युशन नावाची वेगळी पद्धत आहे, ती प्रतिमा कशी पसरली याचा हिशेब मांडून उलट दिशेने जाते. रिचर्डसन (१९७२) आणि ल्युसी (१९७४) यांची रीत त्यातली सर्वात प्रसिद्ध. १९९० मध्ये हबल दुर्बीण अवकाशात गेली आणि तिचा आरसा चुकीचा घासला गेल्याचं उघड झालं. १९९३ च्या डिसेंबरात अंतराळवीरांनी दुरुस्ती करेपर्यंत शास्त्रज्ञ अशाच गणितांनी चित्रं सावरत होते. पण आरसा नेमका कसा चुकलाय हे त्यांना मोजता येत होतं. मंगलाष्टकांच्या गर्दीत आपला हात कुठल्या दिशेला हलला, हे आपल्याला मोजता येत नाही. फोटोशॉपच्या स्मार्ट शार्पनमध्ये लेन्सचा ब्लर आणि हालचालीचा ब्लर असे पर्याय आहेत. किंचित हललेल्या फोटोवर करून बघा, मात्र फार आशा ठेवू नका.

अमाउंट, रेडियस, डिटेल, थ्रेशोल्ड... सुरुवात कुठून करू?

रेडियसपासून. सगळे अमाउंटपासून करतात आणि तिथेच फसतात.

अमाउंट म्हणजे कडेवरचा फरक किती वाढवायचा. रेडियस म्हणजे तो फरक कडेपासून किती पिक्सेल दूर पसरवायचा. थ्रेशोल्ड म्हणजे शेजाऱ्यांत किती फरक असेल तर त्याला कड मानायचं. फोटो कृत्रिम दिसतो तो बहुतेक वेळा रेडियस मोठा झाल्यामुळे. बारीक रेडियसवर अमाउंट थोडा जास्त झाला तरी खपून जातो. रेडियस ३ केलात तर कमी अमाउंटलाही कडेभोवती मऊ उजेड पसरतो.

माझी रीत सांगतो. उजनीच्या फुगवट्यावर, भिगवणला, हिवाळ्यात रोहित म्हणजे फ्लेमिंगो उतरतात. सकाळी नावेतून काढलेला एक फोटो समोर आहे. पक्षी बाजूने उभा आहे, चोचीचं टोक काळं, डोळा फिकट पिवळा, पाठीवर पिसांचे थर, मागे सपाट राखाडी पाणी. आधी १०० टक्के झूम. मग अमाउंट मुद्दाम शेवटापर्यंत, लाइटरूममध्ये १५०. फोटो भयानक दिसतो आणि तो दिसायलाच हवा, म्हणजे रेडियसचा परिणाम उघडा पडतो. रेडियस २ वर ठेवला तर पिसं एकमेकांत मिसळून लोकरीचे गुंडे होतात आणि चोचीभोवती पांढरी रेघ येते. १.२ ला रेघ बारीक होते. ०.८ ला पिसांच्या कडा सुट्या दिसतात आणि रेघ शोधूनही सापडत नाही. तिथे थांबायचं. मग अमाउंट शून्यावर आणून हळूहळू वर न्यायचा. या फोटोला ५५ पुरले. डोळ्याला जिथे ‘हं, आता छान’ वाटतं तिथून मी आणखी पाच-सात मागे येतो, कारण तोवर डोळा सरावलेला असतो. मागे पाणी सपाट होतं म्हणून मास्किंग (ते काय, हे पुढच्याच प्रश्नात) ७० वर नेलं.

पिसं, केस, साडीची जर यांना ०.६ ते ०.८ रेडियस. इमारती, डोंगर, चेहरे यांना १ च्या आसपास. डिटेल, म्हणजे अगदी बारीक कडांवरचा जोर, २५ वरून फार हलवू नका, वर गेलात की दाणे उठतात. फोटोशॉपमध्ये थ्रेशोल्ड चेहऱ्यांना ३ ते ५, बाकीच्यांना ० ते २.

मास्किंगचं काम नेमकं काय?

लाइटरूममध्ये मास्किंगचा स्लायडर हलवताना कीबोर्डवरचं ऑल्ट दाबून धरा. मॅकवर ऑप्शन. फोटो काळापांढरा होतो. पांढऱ्या भागावर शार्पनिंग लागणार, काळा भाग सुटणार. ७० ते ८० ला चेहऱ्याची त्वचा काळी पडते आणि पापण्या, ओठ, केस, दागिने तेवढे पांढऱ्या रेषांनी उरतात. असं चित्र दिसलं की सोडा.

नवरीच्या फोटोत पैठणी उठून दिसावी, पण चेहरा खरखरीत नको. काय करू?

आधी अख्ख्या फोटोला हलकं शार्पनिंग, मास्किंग ७५ वर. मग ब्रशने तीन ठिकाणी थोडं जास्त: डोळे, नथ आणि पदर.

डोळ्यांत फक्त बुबुळ आणि पापण्या घ्या. पांढऱ्या भागावर ब्रश गेला तर शिरा वर येतात. नथीच्या प्रत्येक मोत्यावर आधीच एक चमकता ठिपका असतो, शार्प केल्यावर तो फटफटीत होतो, म्हणून नथीवर अर्धाच जोर. पदरावरचे मोर आणि काठाची जर मात्र सगळं सहन करतात, फक्त रेडियस लहान हवा. बारीक रेघांच्या कापडावर आधीच लाटा उमटल्या असतील, तर तिथे शार्पनिंगचा ब्रश नेऊच नका, लाटा दुप्पट होतील. हळदीच्या फोटोंत तर चेहऱ्यावर काहीच करू नये. वाळलेल्या हळदीचा प्रत्येक कण दिसायला लागतो आणि नवरीची आई फोन करते.

क्लॅरिटी आणि टेक्श्चर म्हणजे शार्पनिंगच ना?

चुलतभाऊ म्हणा. गणित त्याच घराण्यातलं, पण रेडियस मोठा. क्लॅरिटी मोठ्या आकारांचा उठाव वाढवते, म्हणून ढग आणि सह्याद्रीचे कडे भारदस्त दिसतात आणि माणसं आजारी. टेक्श्चर २०१९ मध्ये आलं, ते शार्पनिंग आणि क्लॅरिटी यांच्या मधलं. त्वचेवर ते उणे १० वगैरे केलं की चेहरा मेणाचा न होता मऊ होतो. डिहेझ धुक्यासाठी. पावसाळी घाटाचा फोटो मऊ दिसतो तो धुक्यामुळे, तिथे शार्पनिंग वाढवून उपयोग नाही. खरं तर ते धुकं घालवावंच का, हाही प्रश्न आहे, पण तो वेगळा विषय.

हाय पासची पद्धत जास्त नैसर्गिक असते का?

यूट्यूबवर तसा बराच बोलबाला आहे. फोटोचा लेयर दुसऱ्यांदा घ्यायचा, त्यावर हाय पास फिल्टर १ ते २ पिक्सेलला लावायचा, ब्लेंड मोड, म्हणजे वरचा लेयर खालच्यात कसा मिसळायचा ते, ओव्हरले किंवा सॉफ्ट लाइट. मूळ फोटोतून धूसर प्रत वजा करून उरलेली कड, म्हणजे आपलेच सहा पिक्सेल. परिणामात फार फरक नाही. सोय मात्र आहे: लेयर वेगळा असल्याने अपारदर्शकता कमी-जास्त करता येते, नको तिथे मास्क लावता येतो, आणि चार दिवसांनी ग्राहकाचं मन बदललं तर लेयर बंद करून मोकळं होता येतं.

कडेला रंगीत रेघा उमटतात, त्या?

शार्पनिंगच्या लेयरचा ब्लेंड मोड ल्युमिनॉसिटी करा. मग फक्त उजेड-अंधारावर परिणाम होतो, रंगांवर नाही. आभाळापुढच्या फांद्यांना जांभळी कड आधीपासूनच असेल, तर तो लेन्सचा दोष. तो लेन्स करेक्शनमध्ये आधी काढा.

शार्प केलं आणि आभाळात दाणे उठले.

सॉफ्टवेअरला दाणा आणि पीस यांतला फरक कळत नाही, दोन्ही कडाच. नॉइज, म्हणजे हे दाणे, आधी कमी करा, पण पूर्ण पुसू नका. पुसलेल्या फोटोवर शार्पनिंग केलं की चेहरा प्लास्टिकचा होतो. थोडे दाणे राहिलेले बरे, छापल्यावर ते दिसतही नाहीत.

फोटोशॉप, लाइटरूम घ्यायला पैसे नाहीत.

काही अडत नाही. गिंप फुकट आहे. त्यात फिल्टर्स, मग एनहान्स, मग शार्पन. तिथे रेडियस मुळात ३ असतो, तो आधी १ च्या आसपास आणा. रॉ फाइलींसाठी रॉथेरपी. त्यात २०२० च्या ५.८ आवृत्तीपासून कॅप्चर शार्पनिंग आलंय. ते वर सांगितलेल्या रिचर्डसन-ल्युसीच्या रीतीवर चालतं आणि रॉसाठी मला ते लाइटरूमपेक्षाही आवडतं. डार्कटेबलही उत्तम आहे, पण शिकायला वेळ द्यावा लागतो. मोबाइलवर स्नॅपसीडमध्ये डिटेल्स उघडा. तिथे स्ट्रक्चर आणि शार्पनिंग असे दोन पर्याय आहेत. स्ट्रक्चरला हात लावायचा मोह आवरा.

शार्पनिंग आधी करायचं की सगळ्यात शेवटी?

दोन्ही वेळा, पण वेगवेगळ्या कामासाठी. ब्रूस फ्रेझर या जाणकाराने याचे तीन टप्पे रूढ केले. पहिला, कॅमेऱ्याने घालवलेली धार परत आणण्यापुरता हलका. दुसरा, डोळे, पदर अशा निवडक जागांचा. तिसरा, फोटो अंतिम मापाला आणल्यावर, तो कुठे पाहिला जाणार त्याप्रमाणे. लाइटरूमच्या एक्सपोर्टमध्ये स्क्रीन, मॅट, ग्लॉसी असे पर्याय दिसतात ते या तिसऱ्या टप्प्याचे.

मोजणीत चूक झाली की काय होतं, ते मी स्वतःच्या खिशातून शिकलोय. एका लग्नाचा १२ बाय ३६ इंचांचा अल्बम होता. रॉमध्ये मी शार्प केलं, पानं लावताना फोटोशॉपच्या एका ॲक्शनने (आधी नोंदवून ठेवलेल्या कृतींनी) पुन्हा झालं, एक्सपोर्ट करताना ‘हाय’ निवडलं, आणि लॅबच्या मशीनने आपली नेहमीची दुरुस्ती वरून घातली. चार वेळा! स्क्रीनवर मला त्यातले तीनच दिसले असते आणि तेही मी पूर्ण पान दिसेल एवढं लहान करून पाहिले होते. अल्बम उघडल्यावर नवरीच्या आजी चष्मा लावून म्हणाल्या, “मी एवढी म्हातारी कधी झाले गं?” चौदा पानं पदरच्या पैशाने पुन्हा छापली. तेव्हापासून ऑर्डरवर ‘नो करेक्शन’ लिहितो आणि आधी एक पान छापून मागवतो.

छपाईसाठी किती जास्त करायचं?

स्क्रीनवर किंचित जास्त वाटेल इतकं. कागदावर शाई पसरते, ग्लॉसीवर कमी आणि मॅटवर जास्त, त्यामुळे थोडी धार छपाईत जातेच. आधी फोटो मापाला आणा: ४ बाय ६ इंचांची प्रिंट ३०० पीपीआयला (दर इंचाला ३०० पिक्सेल) म्हणजे १२०० बाय १८०० पिक्सेल. मग शार्प करा. २४ मेगापिक्सेलच्या फाइलवर केलेलं बारीक शार्पनिंग एवढं लहान करताना विरून जातं.

चौकातल्या फ्लेक्सचं गणित उलटं. तो रस्त्यापलीकडून पाहतात, बारीक धार कुणाला दिसत नाही, रेडियस मोठा चालतो. पण भाऊंचा वाढदिवसाचा फोटो व्हॉट्सॲपवरून आलेला असेल, तर कृपा करून मूळ फाइल मागा.

व्हॉट्सॲपवर आलेला फोटो शार्प केला की चौकोन का दिसतात?

जेपेग फोटोचे ८ बाय ८ पिक्सेलांचे तुकडे करून साठवतं. फाइल फार दाबली की तुकड्यांच्या सीमा उरतात. त्याही कडाच, मग शार्पनिंग त्यांनाही गिरवतं. पाठवणाऱ्याला फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

एआयवाली ॲप्स एका क्लिकमध्ये करतात. मग एवढा खटाटोप कशाला?

पक्ष्यांच्या हौशी फोटोंना मीही कधीकधी वापरतो. पण ती कडा उठवण्यावर थांबत नाहीत, नवे पिक्सेल रचतात. पीस कसं असतं ते त्यांनी हजारो फोटोंत पाहिलेलं असतं, त्यावरून तुमच्या पक्ष्याला पिसं लावतात. देवळातल्या झिजलेल्या शिलालेखाचा फोटो मी एकदा अशा ॲपमधून काढला. अक्षरं कोरीव, स्वच्छ आली. फक्त त्यातली निम्मी कुठल्याच लिपीतली नव्हती. जिथे फोटो पुरावा म्हणून ठेवायचा आहे, तिथे हे नको.

आजोबांच्या जुन्या फोटोचा स्कॅन शार्प करता येईल?

जुने स्टुडिओ फोटो पुष्कळदा खरबरीत, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या पोताच्या कागदावर छापलेले असतात. शार्प केलं की आजोबांच्या आधी तो पोत वर येतो. युक्ती अशी: फोटो एकदा सरळ स्कॅन करा, मग १८० अंशांत फिरवून पुन्हा करा. स्कॅनरचा दिवा एका बाजूने पडत असल्याने पोताची चमक दुसऱ्या स्कॅनमध्ये उलट बाजूला येते. दुसरा स्कॅन सरळ करून पहिल्यावर लेयर म्हणून तंतोतंत बसवा आणि अपारदर्शकता ५० टक्के करा. पोत बराच मावळतो. मग रेडियस १, अमाउंट अगदी थोडा, तोही ब्रशने फक्त डोळे, मिशा आणि फेट्याच्या कडेवर.